सर्व्हिस पोर्टलचा फॉर्म बदलायचाय: विजेट क्लोन करायचं की थीम आणि कस्टम व्हेरिएबलवर भागवायचं?

सर्व्हिसनाऊ या प्लॅटफॉर्मच्या सर्व्हिस पोर्टलवर, म्हणजे लोक ज्या वेबसाइटवरून सेवा मागवतात तिच्यावर, काम करणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येतेच. डिझाइनवाल्यांकडून छान स्क्रीन येते, लेबलं वेगळ्या रंगात, फील्ड शेजारी शेजारी, मधे कुठेतरी कार्डावर क्लिक करून पर्याय निवडायचा भाग, आणि आपल्याकडे असतो तो नेहमीचा एकाखाली एक फील्ड असलेला फॉर्म. मग दोनच रस्ते उरतात. एक तर एससी कॅटलॉग आयटम हे मूळ विजेट (मागवायच्या गोष्टीचा, म्हणजे आयटमचा, फॉर्म दाखवणारा पेजचा तुकडा) क्लोन करायचं, म्हणजे त्याची कॉपी काढायची, आणि सगळं एचटीएमएल आपल्या ताब्यात घ्यायचं. नाहीतर मूळ विजेटला हात न लावता दिसण्याचं काम थीमच्या एससीएसएसमध्ये (सगळ्या पोर्टलच्या स्टाइलमध्ये) करायचं, वागण्याचं काम कॅटलॉग क्लायंट स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) आणि यूआय पॉलिसीकडे (फील्ड दाखवायचे, लपवायचे नियम) द्यायचं, आणि जिथे अगदीच वेगळं काही हवं तिथे कस्टम टाइपच्या व्हेरिएबलला (फॉर्मवरच्या फील्डला इथे व्हेरिएबल म्हणतात) एक छोटं विजेट जोडायचं.

मी दोन्ही केलंय. आधी क्लोनचा रस्ता धरला होता, बराच काळ सांभाळला, आणि आता नवीन काम आलं की दुसऱ्या रस्त्यानेच जातो. पण ज्यांनी क्लोन केलंय ते चुकलेत असं नाही, काही ठिकाणी त्याशिवाय इलाज नसतो, त्याबद्दल खाली लिहितोच.

(तिसराही एक प्रकार दिसतो, थीमला एक जेएस इन्क्लूड (जावास्क्रिप्टची फाइल) जोडायचा आणि पेज लोड झाल्यावर जेक्वेरीने फील्ड शोधून हलवायची. तो मी तुलनेत धरतच नाही. पोर्टल ज्यावर चालतं ते अँगुलर फॉर्म परत रंगवतं आणि तुमचे बदल पुसले जातात, मग टाइमर लावायचे, मग टाइमर कमी पडतात. कृपया नका करू.)

क्लोनची चांगली बाजू आधी. पेजची मांडणी पूर्ण तुमच्या हातात येते. वर्णन कुठे, चित्र कुठे, उजवीकडचा बटणाचा कप्पा खाली आणायचा का, अटॅचमेंटची जागा बदलायची का, सगळं. सर्व्हर स्क्रिप्टसुद्धा मिळते, म्हणजे आयटम उघडताना आणखी काही डेटा आणायचा असेल तर तो तिथेच आणता येतो. पहिल्या दोन दिवसांत डेमोला दाखवण्यासारखं काहीतरी तयार होतं, आणि ज्याला एचटीएमएल येतं त्याला ते आवडतंच, मलाही आवडलं होतं.

पण एक गोष्ट क्लोन करण्याआधी बघा. बरेच जण क्लोन करतात ते फील्ड बदलायला, आणि विजेटचं एचटीएमएल उघडल्यावर कळतं की फील्ड तिथे नाहीतच. तिथे एसपी मॉडेल नावाचा एक टॅग असतो, एका ओळीचा, आणि सगळी व्हेरिएबल त्या डायरेक्टिव्हच्या (अँगुलरच्या तयार तुकड्याच्या) आतून रंगवली जातात. म्हणजे क्लोन करून तुम्हाला फॉर्मच्या भोवतीची चौकट मिळते, फॉर्म मिळत नाही. लेबलचा फॉन्ट, इनपुटची उंची, लाल चांदणी, हे क्लोन केल्यावरही सीएसएसनेच करावं लागतं, जे क्लोन न करताही झालं असतं. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं आणि तोवर क्लोन पेजवर लागलेलं होतं, पेज रूट मॅपही (मूळ पेजऐवजी आपलं पेज उघडायचा नियम) झालेला, मग तसंच पुढे गेलो.

आता ज्या एका गोष्टीने माझं मत बदललं ती सांगतो, कारण बाकी सगळं चालवून घेता येतं.

प्लॅटफॉर्मचं अपग्रेड वर्षातून दोनदा येतं. अपग्रेडमध्ये मूळ विजेट सुधारतं, क्लोन आहे तिथेच राहतं, हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं, पण त्याचा अर्थ मी असा धरला होता की काही मोडलं तर दुरुस्त करू. प्रत्यक्षात मोडत काहीच नाही. झालं असं की एका आयटमवर ऑर्डर ऐवजी सबमिट असं बटण हवं होतं, त्यासाठी आयटमच्या रेकॉर्डवर रिक्वेस्ट मेथड नावाचं फील्ड आहे, ऑर्डर, रिक्वेस्ट, सबमिट यातलं निवडायचं आणि बटणाचा मजकूर बदलतो. अ‍ॅडमिनने निवडलं, पोर्टलवर बटण जसंच्या तसं. कॅशे साफ केला, दुसऱ्या युजरने बघितलं, दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघितलं, यूजर क्रायटेरिया (आयटम कुणाला दिसावा याचे नियम) तपासला, एक क्लायंट स्क्रिप्ट बंद करून बघितली, कन्सोलमध्ये एकही एरर नाही. दीड दिवस गेला. शेवटी कुणीतरी तोच आयटम मूळ पेजवर उघडला आणि तिथे बटण बरोबर दिसत होतं. आमचं क्लोन ज्या वेळचं होतं त्या वेळच्या एचटीएमएलमध्ये तो तुकडाच नव्हता.

आणि हे एकदाच झालं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. नंतर प्रत्येक वेळी आयटमवरचं एखादं सेटिंग लागू झालं नाही की पहिला प्रश्न हाच, की हे आपल्या क्लोनमध्ये आहे का. अ‍ॅडमिन मंडळी डॉक्युमेंटेशन वाचून बरोबर काम करायची आणि पोर्टल त्यांचं ऐकायचं नाही, आणि त्यांना वाटायचं आपलंच काहीतरी चुकतंय. ते मला फार लागलं. प्लॅटफॉर्मची यात काही चूक नव्हती, कॉपी आम्ही केली होती.

यात आणखी एक बारीक गोष्ट आहे जी मला उशिरा समजली. मूळ रेकॉर्ड तुम्ही स्वतः बदललेलं असेल तर अपग्रेडनंतर ते स्किप्ड रेकॉर्डच्या (अपग्रेडने हात न लावलेल्या रेकॉर्डच्या) यादीत येतं, म्हणजे निदान कुणीतरी ते उघडून बघतं आणि ठरवतं. क्लोन हे वेगळंच रेकॉर्ड, ते त्या यादीत येत नाही. तुम्हाला स्वतःला आठवण ठेवावी लागते, आणि ज्याने क्लोन केलं तो माणूस टीम सोडून गेला की आठवण ठेवणारं कुणी उरत नाही. स्क्रीन रीडरसाठीच्या सुधारणा, छोटे बग फिक्स, सगळं असंच गुपचूप हुकतं.

शिवाय एक क्लोन पुरत नाही. रेकॉर्ड प्रोड्युसर (ऑर्डरऐवजी थेट रेकॉर्ड तयार करणारा फॉर्म) त्याच विजेटमधून दिसतो म्हणून तो सुटतो, पण ऑर्डर गाइडचं (एकदम अनेक आयटम मागवायच्या फॉर्मचं) विजेट वेगळं, पेज वेगळं. तिथेही तसंच दिसायला हवं म्हटलं की दुसरं क्लोन. मग एम्प्लॉयी सेंटर (सर्व्हिसनाऊचं कर्मचाऱ्यांसाठीचं पोर्टल) आलं, तेही सर्व्हिस पोर्टलच्याच चौकटीवर उभं आहे, म्हणजे परत रूट मॅप, परत तपासणी.

दुसऱ्या रस्त्याचं कसं? तो सुरुवातीला हळू आहे, हे मान्य. थीममध्ये एससीएसएस व्हेरिएबल बदलून रंग, पॅनेलची पार्श्वभूमी, प्रायमरी बटण एवढं लगेच होतं, ब्रँडिंग एडिटरनेही बरंच होतं. आत बूटस्ट्रॅप ३ ही सीएसएस लायब्ररी आहे, त्यामुळे फॉर्म ग्रुप, फॉर्म कंट्रोल हे ओळखीचे क्लास सापडतात. एखादंच फील्ड पकडायचं असेल तर इनपुटच्या आयडीमध्ये एसपी फॉर्मफील्ड आणि पुढे व्हेरिएबलचं नाव असतं, त्यावरून पकडता येतं, मी ते कमीत कमी वापरतो कारण तेही उद्या बदलू शकतं. चांदणीला मॅन्डेटरी आणि फील्ड भरल्यावर मॅन्डेटरी-फिल्ड (filled, म्हणजे भरलेलं) असा क्लास लागतो, त्यावर रंग देऊन भरलेलं आणि राहिलेलं फील्ड छान वेगळं दाखवता येतं.

एक जागा अडते ती रेफरन्स फील्डची (ज्यात दुसऱ्या टेबलमधलं रेकॉर्ड निवडायचं असतं). त्याचा ड्रॉपडाउन सिलेक्ट टू या लायब्ररीतून येतो आणि तो थेट बॉडीला जोडला जातो, विजेटच्या बाहेर. त्यामुळे विजेटमध्ये लिहिलेलं सीएसएस त्याच्यापर्यंत पोचत नाही, क्लोन केलं असलं तरी पोचत नाही. ते थीमच्या स्टाइलशीटमध्येच लिहावं लागतं. म्हणजे बघा, दिसण्याचं काम शेवटी थीममध्येच येऊन बसतं.

कॉलमसाठी कंटेनर स्टार्ट, स्प्लिट, एंड या टाइपची व्हेरिएबल वापरा. एक किंवा दोन कॉलम एवढंच मिळतं, तीन हवे असतील तर नाही मिळत, तिथे मी डिझाइनवाल्यांशी बोलतो आणि बहुतेक वेळा दोनवर जमतं.

वागण्याचं म्हणाल तर क्लायंट स्क्रिप्टचा यूआय टाइप ऑल केलाय ना ते बघा, डेस्कटॉपवर राहिला की पोर्टलवर स्क्रिप्ट चालतच नाही आणि आपण कोडमध्ये चूक शोधत बसतो. डॉमला, म्हणजे पेजच्या एचटीएमएलला थेट, हात घालायची सवय असेल तर ती इथे सोडावी लागते, त्यासाठीचं गेट कंट्रोल हे फंक्शन पोर्टलवर चालत नाही, सर्व्हरला विचारायचं तर ग्लाइड एजॅक्स कॉलबॅकसकट (उत्तर आल्यावर चालणाऱ्या फंक्शनसकट). सुरुवातीला हात बांधल्यासारखे वाटतात खरे. पण फील्डखाली सूचना दाखवणं, लपवणं, अनिवार्य करणं यासाठी जी फॉर्म (स्क्रिप्टमधून फॉर्म हाताळायचा तयार ऑब्जेक्ट) पुरतो, आणि निम्मं काम तर यूआय पॉलिसीत कोड न लिहिता होतं.

आणि ते कार्डवालं निवडीचं काम? कस्टम टाइपचं व्हेरिएबल करा, त्याला तुमचं स्वतःचं विजेट जोडा. आत स्कोपवरच्या पेजमधून जी फॉर्म मिळतो, क्लिक झालं की त्याने दुसऱ्या एका साध्या व्हेरिएबलमध्ये मूल्य टाका आणि ते व्हेरिएबल यूआय पॉलिसीने लपवा. मूल्य साध्या व्हेरिएबलमध्ये असलं की रिपोर्टमध्ये, अप्रूव्हलच्या मेलमध्ये, वर्कफ्लोमध्ये नेहमीसारखं वापरता येतं. हे विजेट शंभर सव्वाशे ओळींचं असतं, पूर्ण आपलं असतं, त्यामुळे मूळ काय होतं आणि आपण काय बदललं हा प्रश्नच येत नाही. मल्टी रो व्हेरिएबल सेटमध्ये (फॉर्ममधल्या अनेक ओळी भरायच्या तक्त्यात) मात्र कस्टम टाइप चालत नाही, तिथे साध्या फील्डवरच भागवावं लागतं, ही या रस्त्याची सगळ्यात मोठी अडचण मला वाटते.

मग क्लोन कधी? फॉर्म टप्प्याटप्प्याने दाखवायचा असेल, वर स्टेपर (टप्पे दाखवणारी पट्टी) हवा असेल, किंवा पेजची चौकटच वेगळी हवी असेल तर बहुधा तेच करावं लागेल. मोजकेच आयटम असतील आणि टीममध्ये अपग्रेडच्या वेळी हे सांभाळणारं ठरावीक माणूस असेल तर चालूनही जाईल, माझा अनुभव एका टीमचा आहे, तुमच्याकडे वेगळं असू शकतं. पण करायचंच असेल तर सगळे आयटम त्यावर नेऊ नका, वेगळं पेज करून हवे तेवढेच आयटम तिथे न्या, म्हणजे बाकीच्यांना मूळ विजेट मिळत राहील.

आणि ज्यांच्याकडे क्लोन आधीच आहे त्यांनी लगेच काढून टाकायची घाई करू नये. सब प्रॉडक्शनवर (चाचणीच्या सिस्टिमवर) एखादा आयटम मूळ पेजवर आणि क्लोनवर शेजारी शेजारी उघडा, दोन्हीचं एचटीएमएल, क्लायंट स्क्रिप्ट आणि सर्व्हर स्क्रिप्ट डिफ टूलमध्ये टाका. आम्ही टाकलं तेव्हा आमचे स्वतःचे बदल चाळीसेक ओळींचे निघाले, त्यातल्या तीसेक नुसत्या दिसण्याच्या होत्या आणि त्या एका दुपारी थीममध्ये हलवून झाल्या. उरलेल्या दहा ओळींसाठी एक कस्टम व्हेरिएबल लागलं, आणि पुढच्या अपग्रेडच्या आधी तो रूट मॅप आम्ही बंद केला.