जुन्या चवली-पावलीतली चांदी आणि 0.01 ग्रॅमचा खिशातला काटा: काही महिन्यांच्या वापरानंतर

200 ग्रॅम क्षमतेचा, 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा ब्रिटिशकालीन नाण्यांचा टंच, म्हणजे त्यातलं चांदीचं शेकडा प्रमाण, ओळखायला पुरतो का? रुपया आणि अधेलीला (आठ आणे) पुरतो, पावलीला (चार आणे) जेमतेम, एकट्या चवलीला (दोन आणे) नाही.

नुसतं वजन करून काहीच कळत नाही, हे आधी सांगितलेलं बरं. रुपया 11.66 ग्रॅम (जुना तोळा, सराफाचा आजचा 10 ग्रॅमचा नव्हे), अधेली 5.83, पावली 2.92, चवली 1.46. 1940 मध्ये टंच 91.7 वरून 50 वर आला, पण वजन तेच राहिलं. नव्या मिश्रणात 50 टक्के चांदी, 40 टक्के तांबं आणि निकेल व जस्त 5-5 टक्के. म्हणजे जुन्या पावलीत 2.67 ग्रॅम चांदी, तर 1943 च्या पावलीत 1.46. बदलाच्या वर्षातलं नाणं फक्त साल बघून घेऊ नये. 1946 ची पावली-अधेली आणि 1947 चा रुपया निकेलचे. ते चुंबकाला चिकटतात, काटा काढायचीही गरज नाही. चांदीची चवली 1917 पर्यंतच. 1918 पासून दोन आणे चौकोनी, तांबं-निकेलचे.

खरी परीक्षा घनतेची. हलक्या प्लॅस्टिकच्या पेल्यात पाणी घेऊन काट्यावर ठेवा आणि टेअर करा, म्हणजे आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. 91.7 टंचाला सुमारे 10.3 येतात, 50 टंचाला 9.5, मुलामा दिलेल्या तांब्याला 9 च्या आसपास. रुपयाला पाण्यातला आकडा 1.13 की 1.22, हा फरक काटा आरामात दाखवतो. अधेलीला 0.56 की 0.61. पावलीला 0.28 की 0.31, म्हणजे दोन-तीन घरांचा खेळ (एक घर म्हणजे 0.01). चवलीला अपेक्षित आकडा 0.14; तिथे एका घराने घनता 9.7 ते 11.2 अशी हेलकावते. त्यावरून निकाल देणं म्हणजे चिठ्ठी टाकणं.

या स्वस्त काट्यांची खरी खोड वेगळीच आहे, आणि माहितीपत्रकात ती कुठे लिहिलेली नसते. शून्याजवळचा सावकाश बदल काटा स्वतःच गिळतो. चवली हळूच बुडवली तर 0.14 ऐवजी 0.09 दिसतं किंवा आकडा शून्यावरच बसून राहतो. उपाय सोपा: टेअर केल्यावर पेल्याशेजारी एखादं जड नाणं ठेवा, तो आकडा लिहून घ्या, मग चवली बुडवा आणि वजाबाकी करा.

चवल्या दहाच्या गटाने मोजा. 14.6 ग्रॅमला पाण्यात 1.41 यायला हवं. बारीक तांब्याच्या तारेची झोळी करा. आधी रिकामी झोळी तेवढीच खोल बुडवून तिचा आकडा वजा करा. दहांत एखादी तांब्याची असली तर फरक जेमतेम 0.02 पडतो, म्हणून संशय आला की पाच-पाचचे गट पाडा. चवल्या सुट्या मोजायच्याच असतील तर 0.001 ग्रॅमचा काटा घ्या. त्याची क्षमता बहुधा 20 किंवा 50 ग्रॅम असते, तेव्हा पेल्याऐवजी औषधाच्या बाटलीचं मापाचं टोपण वापरा.

आकडे बिघडतात ते बहुतेक बुडबुड्यांमुळे. अक्षरांच्या खोबणीत आणि कडेच्या दात्यांत हवा अडकते, पाण्यातला आकडा वाढतो आणि चांगलं नाणं हलकं ठरतं. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, नाणं आधी भिजवून घ्या. सुती दोरा पाणी पितो, तो नको. पंखा बंद ठेवा. झिजलेल्या पावलीचं वजन 2.80 भरलं तरी घनता तीच येते. हा या पद्धतीचा मोठा फायदा. माळेतून सुटलेल्या, कडी डागलेल्या चवल्या मात्र बाजूला ठेवा, डागातला धातू हिशेब बिघडवतो.

कसोटीवर घासून आम्ल लावण्याचा मार्ग आहेच, पण ओरखडा पडला की संग्राहकाच्या लेखी किंमत गेली. सराफाच्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू तपासणाऱ्या) यंत्रालाही फक्त वरचा थर दिसतो, आणि मुलाम्याला ते चांदी म्हणू शकतं. तिथे हा काटा सरस.

50 टंचाच्या रुपयाच्या कडेला सहसा दात्यांमधून फिरणारी खाच असते. दुकानात काटा काढण्याआधी नखाने ती चाचपून बघावी.