दोन मिलिमीटरचा फरक आणि माझे छप्पन्न हजार रुपये

माझ्याकडे 2003 सालची फियाट पॅलिओ 1.6 जीटीएक्स आहे. मुंबईच्या कुर्ला कारखान्यात तयार झालेली ही गाडी, तिचे 1596 सीसीचे इंजिन आणि सुमारे शंभर अश्वशक्ती आजही मला पुरेशी वाटते, म्हणूनच 2018 मध्ये पंधरा वर्षे भरल्यावर मी तिची नोंदणी पुन्हा करून घेतली. अशी जुनी, वेगवान गाडी जपणाऱ्यांना अलॉय व्हील, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाके, बदलताना जी फसवणूक सहज होऊ शकते, ती 2022 च्या फेब्रुवारीत सांगलीत माझ्या वाट्याला आली. दुकानाचे नाव मी लिहीत नाही. फसवण्याची रीत मात्र सविस्तर सांगतो, कारण ती कोणत्याही गावात वापरता येण्यासारखी आहे.

गाडीवर तेव्हा 175/65 आर 14 टायर होते. 175 ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, 65 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे तो आकडा आणि 14 म्हणजे रिमचा, टायर ज्यावर चढवतात त्या धातूच्या चाकाचा, व्यास इंचांत. यावरून संपूर्ण चाकाचा व्यास सुमारे 583 मिलिमीटर येतो. रिम मोठी घ्यायची तर टायरची भिंत तेवढी कमी करून हा एकूण व्यास मूळ मापाच्या जवळ ठेवावा लागतो, नाहीतर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो आणि चाक मडगार्डला घासण्याची शक्यता वाढते. दुकानदाराचा आग्रह 17 इंचांचा होता. 205/40 आर 17 घातल्यास व्यास 596 च्या आसपास जातो आणि भिंत उरते अवघी 82 मिलिमीटर, म्हणजे सांगली-पेठ रस्त्यावर मी रिमच खड्ड्यात आपटणार, हे मी त्याला कागदावर आकडेमोड करून दाखवले. त्याने ते लगेच मान्य केले आणि 195/45 आर 16 सुचवले. त्याचा व्यास 582 येतो, म्हणजे मूळ मापाशी जवळजवळ जुळतो. आपले म्हणणे ऐकून घेऊन छोटे माप सुचवणारा माणूस खरा असणार, असे मला वाटले आणि तिथेच माझी सावधगिरी संपली.

पॅलिओच्या चाकाला चार बोल्ट असतात आणि त्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, ज्याला पीसीडी म्हणतात, तो 98 मिलिमीटर असतो. मारुती, होंडा, ह्युंदाई यांच्या कितीतरी छोट्या गाड्यांना हे माप 100 आहे, त्यामुळे बाजारात 100 ची अलॉय ढिगाने मिळतात आणि 98 ची शोधावी लागतात. मी पीसीडी विचारला नव्हता असे नाही. व्हॉट्सॲपवर त्याने "98 पीसीडी, डायरेक्ट फिट" असे लिहून दिले होते. बसवण्याच्या दिवशी पुन्हा विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, शंभर-अठ्ठ्याण्णव आमच्याकडं रोज बसवतोय, बसतंय सगळं, काळजी करू नका." या वाक्यातच कबुली होती, पण ती मला तेव्हा ऐकू आली नाही.

रिमचे चौतीस हजार, टायरचे तीस हजार, त्यातून माझी मूळ अलॉय व्हील टायरसह आठ हजारांना वजा, असे छप्पन्न हजार ठरले. 28 टक्के जीएसटी वाचेल असे सांगून त्याने चाळीस हजार रोख मागितले आणि मी ते दिले. उरलेले सोळा हजार फोनवरून पाठवले. पावती म्हणून मिळाला एक अंदाजपत्रकाचा कागद, त्यावर फक्त "16 मॅग सेट" (मॅग म्हणजे अलॉय व्हील) एवढेच. पक्के बिल न घेण्याची चूक माझी होती आणि पुढे तिनेच सर्वांत जास्त त्रास दिला.

साठच्या वेगापर्यंत काही जाणवत नसे. आष्ट्यावरून पेठ नाक्याला महामार्गावर चढून ऐंशी गाठले की मात्र स्टिअरिंग थरथरायला लागे. तीन वेळा बॅलन्सिंग केले आणि तिन्ही वेळा मशीनने शून्य दाखवले. हे कसे, ते मला नंतर कळले. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक मधल्या भोकातल्या शंकूवर केंद्रित होते, म्हणून तिथे ते अगदी अचूक फिरते. गाडीवर मात्र त्याला केंद्रात धरायला काहीच नव्हते, कारण पॅलिओच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा, व्यास 58.1 मिलिमीटर आहे आणि या रिमचे मधले भोक 73.1 चे होते. दोन्हींमधली पोकळी भरणारी रिंग बसवलेलीच नव्हती. एप्रिलमध्ये कराडजवळ डाव्या वळणावर टक् असा आवाज येऊ लागला, म्हणून पेट्रोलपंपावर थांबून पाहिले, तर पुढच्या डाव्या चाकाचे दोन बोल्ट बोटांनी फिरत होते. मागच्या सीटवर माझी आई बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी गाडी कुपवाड एमआयडीसीत लेथ चालवणाऱ्या ओळखीच्या अण्णांकडे नेली. त्यांनी एक चाक उतरवून टेबलावर उपडे ठेवले आणि समोरासमोरच्या दोन भोकांना व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, लावला. आतल्या कडांमधले अंतर 86, बाहेरच्या कडांमधले 114, दोन्हींची सरासरी 100. मग हबवर तसेच मोजले, तेथे 98 आले. "अण्णा, दोन मिलिमीटरनं असं काय बिघडतं?" असे मी विचारले, तेव्हा त्यांनी एक बोल्ट घेऊन त्याचा निमुळता भाग भोकाच्या खोबणीत टेकवून दाखवला. प्रत्येक भोक बोल्टच्या केंद्रापासून एक मिलिमीटर बाहेर असल्यामुळे बोल्टचा शंकू खोबणीत पूर्ण न बसता एकाच कडेवर दाबला जातो. पहिला बोल्ट आवळला की सगळे चाक एका बाजूला सरकते, आणि मग समोरचा बोल्ट दोन मिलिमीटरने चुकतो. खोबणीची ती कडा चारही भोकांत चेपून चकचकीत झाली होती आणि बाकीची अर्धी बाजू रंगासकट कोरी होती. नखाने तो रंग सहज निघाला.

बोल्टही मूळचेच वापरले होते. या नव्या अलॉयचा तळ जाड असल्याने ते हबमध्ये जेमतेम चार-पाच फेरेच जात होते. 12 मिलिमीटर व्यासाच्या, आट्यांमध्ये 1.25 मिलिमीटर अंतर असलेल्या बोल्टने किमान नऊ-दहा फेरे घेतले पाहिजेत, असे अण्णांचे म्हणणे. 98 वर 100 ची रिम बसवायची असेल तर सरकत्या शंकूचे खास बोल्ट मिळतात. ते पुरेशा लांबीचे घेऊन सोबत योग्य रिंग लावणे हा निदान विचार करून केलेला उपाय असतो. तसा उपाय दुकानदाराने केला नाही, सुचवलाही नाही.

रिमची आतली बाजू पाहताना अण्णांना एका ठिकाणी पावडर कोटिंग किंचित फुगलेले दिसले. त्यांनी तेवढा रंग खरवडला, वेल्डिंगच्या तपासणीसाठी वापरतात तो लाल द्रव लावला, पुसला आणि वरून पांढरी पावडर फवारली. काही मिनिटांत त्या पांढऱ्यावर बोटभर लांबीची लाल रेघ उमटली. चारपैकी दोन रिम तडकलेल्या होत्या आणि वेल्ड करून, रंगवून मला नव्या म्हणून विकल्या होत्या. ओतीव ॲल्युमिनियमच्या रिमला ताकद उष्णतेची प्रक्रिया करून दिलेली असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने त्या भागातली ती ताकद कमी होते. टायरही जुनेच निघाले. उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारा चार अंकी क्रमांक बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतो, आणि ती बाजू चारही चाकांवर आत वळवलेली होती. क्रमांक होता 2217, म्हणजे 2017 सालचा बाविसावा आठवडा.

दुकानदाराने आधी हात झटकले. "तुम्हीच खड्ड्यात घातली असणार," असे तो म्हणाला आणि जुनी व्हील परत मागितली तर ती विकली गेल्याचे सांगितले. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि वकिलांकडून नोटीस पाठवली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. बिल न देणे हीदेखील त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथाच आहे. तरीही रोख दिलेल्या चाळीस हजारांचा कसलाही पुरावा माझ्याकडे नव्हता. होता तो फोनवरच्या सोळा हजारांचा आणि त्या व्हॉट्सॲप संदेशाचा. त्या एका ओळीमुळेच तो बोलणीवर आला.

सध्या गाडीवर 98 पीसीडीची 15 इंची अलॉय आणि 185/55 आर 15 टायर आहेत. एकूण व्यास 584 च्या जवळ, भिंत जवळपास 102 मिलिमीटर. ही व्हील घेताना मी मागच्या बाजूला कोरलेले माप, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून ती हबला टेकते त्या पृष्ठभागाचे अंतर) आणि मधल्या भोकाचा आकडा स्वतः वाचला, व्हर्नियर लावून पाहिला, हे सगळे बिलावर लिहून घेतले आणि बोल्टचे फेरे हाताने मोजूनच चावी फिरवली.

दुकानदार चारही रिम आणि टायर परत घेऊन चाळीस हजार द्यायला तयार झाला होता. चांगल्या दोन मी टायरसकट दिल्या. वेल्ड केलेल्या दोन द्यायला नकार दिला, म्हणून हातात बावीस हजारच आले. त्या दोन रिम अण्णांनी माझ्यासमोर ग्राइंडरने मधोमध कापल्या आणि आम्ही त्या ॲल्युमिनियमच्या भावाने भंगारात घातल्या.