दीड वर्षात ऑटोमोबाईल डिप्लोमा, नोकरीची हमी: माझ्या भावाचं काय झालं ते वाचा

दहावीचा निकाल लागला की बार्शीच्या एसटी स्टँडपासून शाळेच्या फाटकापर्यंत पत्रकांचा नुसता पाऊस पडतो. नर्सिंग, फायर अँड सेफ्टी, हॉटेल मॅनेजमेंट आणि अलीकडे ऑटोमोबाईल. माझ्या धाकट्या भावाच्या हातात असंच एक पत्रक पडलं. निळ्या गणवेशातला पोरगा, हातात पाना, मागे चकचकीत लाल गाडी. ‘शासनमान्य ऑटोमोबाईल इंजिनीअरिंग डिप्लोमा, कालावधी दीड वर्ष, १००% नोकरीची हमी, फी सोप्या हप्त्यांत.’ संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. तक्रार चालू आहे, आणि तसंही अशा ठिकाणांची पाटी बदलते, पद्धत तीच राहते.

मी सोलापुरात चारचाकीच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर बसते. गाडी आली की जॉब कार्ड उघडायचं, ग्राहकाची तक्रार लिहून घ्यायची, काम आत फ्लोअरवर पाठवायचं. त्यामुळे टेक्निशियन म्हणून कोणाला घेतात आणि कोणाला चहा पाजून परत पाठवतात, हे रोज बघते. आयटीआयचा मोटार मेकॅनिक ट्रेड केलेला, पुढे ॲप्रेंटिसशिप झालेला मुलगा आला की आमचे वर्क्स मॅनेजर त्याला लगेच ट्रायलवर उभा करतात. पण अण्णा, म्हणजे आमचे वडील, आणि भाऊ परस्पर पुण्याला जाऊन तिथे प्रवेश घेऊन आले आणि मला फोन आला तो थेट पेढ्यांचा.

नंतर मी अण्णांबरोबर त्या ऑफिसात गेले, तेव्हा रिसेप्शनमागच्या भिंतीवरच्या फ्रेमा एकेक करून वाचल्या. पहिली फ्रेम १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालची. दुसरी शॉप ॲक्टची. तिसरी उद्यम नोंदणीची, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीची, तिच्यावर अशोकस्तंभ असल्यामुळे ती बरोबर मधोमध टांगलेली. चौथी आयएसओ ९००१, म्हणजे कारभाराच्या दर्जाचं प्रमाणपत्र. यातला एकही कागद खोटा नव्हता, हीच तर खरी चलाखी. किराणा दुकानालाही शॉप ॲक्ट मिळतो, पिठाच्या गिरणीलाही उद्यम नोंदणी मिळते. तिथे शिकवतात काय, परीक्षा कोण घेतं, प्रमाणपत्रावर कोणाचा शिक्का येतो, याच्याशी त्या चारही फ्रेमांचा काडीचा संबंध नाही. “शासनमान्य म्हणजे कोणाची मान्यता?” असं विचारल्यावर काउन्सेलर बाई गोड हसून म्हणाल्या, “मॅडम, सेंट्रल गव्हर्नमेंटची,” आणि बोट उद्यमच्या फ्रेमकडे.

महाराष्ट्रात दहावीनंतरचा इंजिनीअरिंग डिप्लोमा तीन वर्षांचा असतो आणि त्याची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं. आयटीआयचा मोटार मेकॅनिक, म्हणजे मेकॅनिक मोटार व्हेइकल, हा ट्रेड दोन वर्षांचा. परीक्षा अखिल भारतीय पातळीवरची, आणि नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट ऑनलाइन पडताळता येतं. एका वर्षात उरकायचं असेल तर डिझेल मेकॅनिकचा ट्रेड आहे. दीड वर्षाच्या ‘इंजिनीअरिंग डिप्लोम्या’ला या चौकटीत कुठे जागाच नाही. शिवाय सरकारी आयटीआयची फी यांच्या फीच्या पासंगालाही पुरणार नाही, आणि दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. हे आमच्या गावात कोणी सांगत नाही, कारण आयटीआयची पत्रकं वाटायला कोणाला कमिशन मिळत नाही.

आता हप्त्यांची गोष्ट. अण्णांनी ५,००० रुपये रोख भरले. उरलेले १,०५,००० म्हणे ‘बिनव्याजी, संस्थेतच १८ हप्त्यांत’. काउन्सेलर बाईंनी अण्णांचाच मोबाईल हातात घेतला, आधार-पॅनचे फोटो काढले, अण्णांचा एक सेल्फी काढला आणि म्हणाल्या, “काका, आता मेसेज येईल, तेवढा ओटीपी सांगा.” ओटीपी आले, अण्णांनी सांगितले. त्या दहा मिनिटांत अण्णांच्या नावावर एका वित्त कंपनीचं कर्ज मंजूर झालं, सगळी रक्कम एकदम संस्थेच्या खात्यात गेली आणि दरमहा ५,८३३ रुपये आपोआप कापायची परवानगी बँकेला पोचली. कर्ज हा शब्द त्या टेबलावर एकदाही निघाला नाही. अण्णा समजत होते की आपण शाळेची फी भरतो तशी फी भरतोय. म्हणजे पोरगा दुसऱ्या दिवशी घरी परत आला असता तरी संस्थेचे पैसे सुरक्षित, आणि फेडायचं आमच्या डोक्यावर.

त्याच टेबलावर दहावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला ‘व्हेरिफिकेशनसाठी’ ठेवून घेतला.

शिकवणीबद्दल थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं फार नाही. शेडमध्ये लाल-निळा रंग दिलेलं, अर्धं कापलेलं एक इंजिन. जॅकवर चढवलेली एक जुनी मारुती, तिला बॅटरीच नाही. गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर काचेच्या कपाटात, कुलूपबंद, पाहुण्यांना दाखवायला. पोरांनी गटागटाने एकच कार्बोरेटर खोलायचा आणि परत जोडायचा. आता एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर दुचाकीतसुद्धा कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. चारचाकीतला कार्बोरेटर तर त्याच्या कितीतरी आधी गेला. आमच्या सेंटरला गाडी आली की आधी ओबीडीच्या, म्हणजे गाडीतल्या संगणकाच्या, सॉकेटला स्कॅनर लागतो, पाने-गोट्या नंतर. पुढे ‘इंडस्ट्रियल ट्रेनिंग’ म्हणून पोरांना पाठवलं ते हायवेवरच्या एका वॉशिंग सेंटरवर. दिवसभर गाड्या धुवायच्या, संध्याकाळी वहीवर सही घ्यायची.

दिवाळीच्या सुट्टीत भाऊ माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला आमच्या वर्क्स मॅनेजरांकडे नेलं. त्यांनी हातात मल्टिमीटर दिला आणि समोरच्या बॅटरीचं व्होल्टेज बघायला सांगितलं. भावाने लाल वायर प्लसला, काळी मायनसला बरोबर लावली, पण मीटरची खुंटी ओहमवर होती. आकडे वेडेवाकडे नाचायला लागले तसा त्याचा कान लाल झाला. साहेबांनी काही न बोलता खुंटी वीस व्होल्ट डीसीवर फिरवली. १२.४. मग एवढंच विचारलं, “तिथे मीटर कोणाच्या हातात असतो रे?” भाऊ म्हणाला, “सरांच्या. ते आम्हाला लांबून दाखवतात.”

त्याच आठवड्यात त्याने कोर्स सोडायचं ठरवलं, आणि तिथून पुढे खरा त्रास सुरू झाला. संस्था म्हणाली, पूर्ण फी भरल्याशिवाय दाखला नाही. पूर्ण फी तुम्हाला कधीच मिळाली आहे, म्हटलं तर, “ते तुमचं आणि फायनान्सचं.” फायनान्स कंपनीला फोन केला तर, “कोर्सचं तुमचं आणि संस्थेचं.” दोघांच्या मध्ये आम्ही चेंडूसारखे. आणि मूळ दाखल्याशिवाय आयटीआयचा प्रवेश पक्का होत नाही, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. माझं स्पष्ट मत आहे की दाखला ठेवून घेणं हा यांच्या कारभारातला निष्काळजीपणा नाही, धंद्याचा कणाच तो आहे. पैसे गेले तर माणूस हळहळतो आणि पुढे जातो; दाखला अडकला की पोरगं जागचं हलत नाही.

दाखला शेवटी पोलीस ठाण्यामुळे सुटला. लेखी अर्ज दिला, त्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा, म्हणजे जुन्या ४२० चा, उल्लेख केला आणि दाखला दिल्याच्या पोचपावतीची झेरॉक्स जोडली. ती पोचपावती अण्णांनी हट्टाने मागून घेतली होती, सोसायटीत पावतीशिवाय खताची गोणीही न उचलणारा माणूस. हवालदारांनी अर्ज वाचून संस्थेला एक फोन केला, आणि चार दिवसांत दाखला कुरिअरने घरी.

कर्जाचं इतकं सोपं नाही. शेजारच्या गावातल्या एका पालकांनी वैतागून बँकेत जाऊन हप्त्याची परवानगीच रद्द केली. हप्ता थांबला, कर्ज थांबलं नाही. सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, घसरलं आणि पीककर्जाच्या नूतनीकरणाच्या वेळी बँकेने बोट ठेवलं. म्हणून आम्ही हप्ते भरत राहून भांडायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्जदाराला अटींचा मुख्य तपशील कर्जाआधी द्यावा लागतो, आणि सुरुवातीला काही मुदत अशी असते की तेवढ्यात मूळ रक्कम आणि त्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. अण्णांना असा कागद दाखवला कोणी? आधी फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फुकट. चौकशीचा नंबर १४४४८. आम्ही तिथे गेलोय.

संस्थेविरुद्ध ग्राहक आयोगात अर्ज केलाय. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली होती, तिला संस्थेने उत्तर दिलं नाही. आयोगात मात्र त्यांचे वकील आले आणि म्हणाले, शिक्षण ही ‘सेवा’ नाही, शिक्षणसंस्था ग्राहक कायद्यात येत नाहीत. राष्ट्रीय आयोगाचा २०२० चा तसा निकाल आहे खरा. पण त्याच निकालात कोचिंग क्लासना ही सूट नाही. आमच्या वकीलबाईंनी एवढंच मागितलं, की शिक्षणसंस्था असाल तर कोणत्या मंडळाची किंवा विद्यापीठाची संलग्नता आहे, तो कागद दाखल करा. त्यांनी मुदत मागून घेतली.

भाऊ यंदा सरकारी आयटीआयत मोटार मेकॅनिकला लागलाय, वर्गातल्या पोरांपेक्षा एका वर्षाने मोठा. अण्णांचे हप्ते अजून चालू आहेत. आयोगातली पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. त्या संस्थेत शिकलेल्या आणखी कोणाकडे कर्जाचे मेसेज आणि पावत्या असतील तर जपून ठेवा, आमच्या वकीलबाईंना त्या लागणार आहेत.