सिल्डेनाफिल की टाडालाफिल? दुर्मीळ धोक्यांच्या बाजूने पाहताना

लिंगाला ताठरता येत नाही म्हणून गोळी घ्यायची ठरली, की पहिली तुलना होते ती वेळेची. सिल्डेनाफिल (व्हायाग्रातलं औषध) चार-पाच तास चालतं, टाडालाफिल 36 तासांपर्यंत. पण जी गोळी जास्त वेळ चालते, तिचा धोकाही जास्त वेळ अंगात राहतो. सिल्डेनाफिलचं रक्तातलं प्रमाण साधारण 4 तासांत निम्म्यावर येतं, टाडालाफिलला साडेसतरा तास लागतात.

याचा खरा अर्थ छातीत दुखायला लागल्यावर कळतो. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी यांच्यासोबत घेतली गेली, तर रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. सिल्डेनाफिलनंतर किमान 24 तास, टाडालाफिलनंतर किमान 48 तास नायट्रेट टाळावं लागतं. नायट्रेट नेहमीचंच असेल, तर दोन्ही गोळ्या वर्ज्य. आणि कॅज्युअल्टीत पोचलात तर बायको-मुलांसमोर संकोच वाटला तरी ही गोळी घेतल्याचं डॉक्टरांना सांगाच.

डोळ्यांच्या बाबतीत दोघींत फारसा फरक नाही. एका डोळ्याची दृष्टी अचानक जाण्याचा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2005 मध्ये दोन्हींच्या माहितीपत्रकात घातला, अचानक ऐकू न येण्याचा 2007 मध्ये. दोष गोळीचाच, असं दर वेळी सिद्ध होत नाही. मधुमेह आणि रक्तदाबही डोळ्याची नस बिघडवतात. पण एक डोळा असा आधीच गेला असेल, तर दुसरा पणाला लावू नका. सिल्डेनाफिलने थोडा वेळ सगळं निळसर दिसतं, ते वेगळं आणि तात्पुरतं. टाडालाफिलची खूण म्हणजे दुसऱ्या दिवशीची पाठदुखी.

ताठरता 4 तासांहून जास्त टिकली तर थांबू नका, हॉस्पिटल गाठा. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्यांना हा धोका अधिक. तो जास्त आढळणाऱ्या गडचिरोली, नंदुरबारकडच्यांनी गोळीआधी त्याची तपासणी करून घ्यावी.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने, डॉक्टरांना हृदयाची स्थिती दाखवून, कमी ताकदीच्या सिल्डेनाफिलपासून सुरुवात करावी. त्रास झालाच तर लवकर उतरतो. प्रोस्टेटचाही त्रास असेल तर टाडालाफिलचा रोजचा 5 मिलिग्रॅमचा डोस दोन्हींना उपयोगी पडतो.

‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या पुड्या मात्र तुलनेतच धरू नका. अशा पुड्यांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे, आणि नायट्रेट घेणाऱ्या माणसाला ते कळायला काही मार्ग नसतो.