किल्ली फिरवली, इंजिन बंद, तरी ऑइल प्रेशर 4 बार: जुना ट्रक घेताना झालेली फसवणूक

जुना ट्रक बघायला निघालेल्याला जो तो एकच सल्ला देतो: इंजिन गार असतानाच स्टार्ट करून बघ. विकणाऱ्यालाही तो सल्ला पाठ असतो. माझ्या विकणाऱ्याने मला बॉनेटखाली हात लावायला लावला, मग स्वतःच सीटवर बसला आणि एका झटक्यात किल्ली फिरवून सेल्फ मारला. धूर नाही, खडखड नाही. ऑइल प्रेशरचा काटा 4 बारवर, आणि चक्कर मारून येईपर्यंत टेम्परेचरचा काटा बरोबर मध्यावर. व्यवहार झाला.

गार स्टार्टवर बॅटरी, सेल्फ, धूर हे कळतं. ऑइल प्रेशर कळत नाही. गार ऑइल घट्ट असतं, बेअरिंग झिजून फट वाढली तरी ते त्यातून लगेच निसटत नाही, त्यामुळे डबघाईला आलेलं इंजिनही तेव्हा मस्त प्रेशर दाखवतं. खरी परीक्षा इंजिन पुरतं तापल्यावर, स्लोवर, म्हणजे रेस न देता. ढोबळ हिशेब असा की दर 1000 आरपीएममागे निदान 10 पीएसआय, म्हणजे 0.7 बार, हवं. नेमका आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये मिळतो.

माझ्या ट्रकचा काटा मात्र तापल्यावरही खाली येत नव्हता. चढावर 4, स्लोवर 4. जुन्या गाडीत असं होत नाही. रेस दिली की काटा चढणार, स्लोवर आला की पडणार, उन्हात लोड घेऊन चढलात की टेम्परेचर थोडं वर सरकणार. (काही गाड्यांत कंपनीनेच सेंडरऐवजी, म्हणजे इंजिनवर बसून मीटरला आकडा कळवणाऱ्या भागाऐवजी, साधा स्विच दिलेला असतो, प्रेशर आहे एवढं कळलं की काटा मध्यावर जाऊन बसतो. म्हणून न हलणारा काटा दर वेळी लबाडीच असतो असं नाही, पण चौकशी करायलाच हवी.)

पुढे लोडवर खालून ठकठक ऐकू यायला लागली. मिस्त्रीने ऑइल प्रेशरचा सेंडर काढून त्याच भोकात मेकॅनिकल गेज बसवलं. तापलेल्या इंजिनला स्लोवर अर्धा बारही भरेना. मग डॅशबोर्ड उघडला. धुळीने माखलेल्या वायरींच्या जुडग्यात एकाच ठिकाणी कोरी करकरीत काळी टेप होती. ती सोडवली तर मीटरमागे सेंडरची वायर कापलेली, आणि मीटरपासून बॉडीला अर्थ देताना मध्ये एक फुटकळ रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा पुर्जा. मीटर इंजिनला विचारतच नव्हतं. ऑइल प्रेशरच्या लाल दिव्याचा बल्बही काढून टाकलेला.

टेम्परेचरची चलाखी जास्त हुशारीची. तिथला सेंडर तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो आणि काटा चढतो. त्या वायरीतच आणखी एक रेझिस्टर घातला की मीटरला इंजिन आहे त्यापेक्षा गार वाटतं. काटा हलतो, म्हणून संशय येत नाही, फक्त खोटं सांगतो. काटा मध्यावर असताना मिस्त्रीने थर्मोस्टॅटच्या घरावर थर्मामीटर धरला तर 105 अंश. आणि त्या घरात थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानाप्रमाणे कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, नव्हताच; तो काढला की रिकामी गाडी चक्कर मारताना गारच राहते, तापते ती माल भरल्यावर. एक गोष्ट मात्र लबाडीशिवायही घडते: कूलंट सेंडरच्या खाली उतरलं की सेंडर नुसत्या वाफेत राहतो आणि इंजिन जळत असताना काटा उलट खाली पडू शकतो.

इंजिन उघडलं तेव्हा क्रँकला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याला, शेवटच्या साइझपर्यंत ग्राइंडिंग आधीच झालेलं होतं. म्हणजे आणखी घासायला जागा नाही, क्रँकच नवी घ्यावी लागणार. विकणाऱ्याचं उत्तर तयार होतं: "साहेब, चालवून बघूनच घेतलीत ना?"

बघायला जाल तेव्हा सीटवर स्वतः बसा. किल्ली फक्त ऑनपर्यंत फिरवा आणि थांबा. इंजिन बंद असताना ऑइलचा काटा शून्यावर आणि लाल दिवा पेटलेला हवा. माझ्या विकणाऱ्याला हे ठाऊक होतं, म्हणूनच तर सेल्फ त्याने मारला. मग अर्धा तास चालवा, स्लोवर काटा बघा. शेवटी इंजिनवरच्या ऑइल सेंडरची वायर क्षणभर सोडवा. काटा एका टोकाला गेला पाहिजे. माझ्या ट्रकात वायर हातात आली तरी मीटर 4 बारच दाखवत होतं.