लेदर रायडिंग गिअरला नेमकं काय लावायचं: तिन्ही ऋतू वापरल्यानंतरचा अनुभव

माझं मोटरसायकलवर घालायचं जॅकेट १.२ मिलिमीटर जाडीचं काऊहाइड (गाईचं कातडं), छातीवर भोकांचे पॅनल, खांद्यावर पांढरे पट्टे. ग्लोव्ह्जचे तळवे बकरीच्या कातड्याचे. बूट जाड चामड्याचे, आत वॉटरप्रूफ मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पण वाफ बाहेर सोडणारा पातळ पडदा. या तिन्हींवर उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे सगळे ऋतू लेक्सॉल कंपनीचा क्लीनर व कंडिशनर (लेदर मऊ ठेवणारं द्रव), बिक फोर हे दुसरं कंडिशनर, ओबेनॉफ्सचं मेण आणि निट्सफूट तेल (गुरांच्या पायांपासून काढलेलं) वापरून झालं. निष्कर्ष आधीच सांगतो: जॅकेटला पातळ, पाण्यात मिसळणारं कंडिशनर पुरतं, आणि तेही अगदी थोडं. जाड मेणाची जागा बुटांवर. आपल्या हवेत लेदर कोरडं पडून जितकं खराब होतं, त्याहून जास्त दमटपणाने आणि नको तितक्या तेलाने होतं.

याचं कारण कातडं कमावण्याच्या पद्धतीत आहे. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, वर रंगाचा थर नसतो, म्हणून ते तेल पितं आणि त्याला ते मानवतं. रायडिंग जॅकेट मात्र बहुतेक वेळा क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं असतं. मऊपणासाठी लागणारी स्निग्धता टॅनरीतच आत घातलेली असते आणि वर पिगमेंट व लॅकरचा थर, म्हणजे फिनिश, बसवलेला असतो. चपलेला लावतो ते तेल इथे आत मुरत नाही. ते वर चिकट राहतं, धूळ धरतं आणि शिलाईच्या भोकांतून अस्तरात उतरतं.

आपलं लेदर कुठल्या प्रकारचं आहे हे कळायला पाण्याचा एक थेंब पुरतो. कॉलरच्या आतल्या बाजूला थेंब ठेवा. मिनिटभर तसाच गोल राहिला तर वर फिनिश आहे. पसरून काळपट डाग पडला तर फिनिश नाही किंवा झिजून गेलंय. त्याच जॅकेटच्या कोपरावर आणि मनगटाशी वेगळा निकाल येऊ शकतो, कारण तिथे घर्षणाने थर पातळ झालेला असतो. कंडिशनरची खरी गरज त्याच जागांना असते.

लेक्सॉलचं कंडिशनर दुधासारखं असतं, तेलाचे बारीक कण पाण्यात विरलेले. फिनिश असलेल्या लेदरवर ते पातळ पसरतं आणि फडक्याने पुसल्यावर चिकटपणा राहत नाही. बिक फोर त्याहून हलकं आहे आणि रंग गडद करत नाही, म्हणून पांढरे पट्टे आणि तपकिरी लेदर यांसाठी माझी पसंती त्यालाच. काळ्या जॅकेटवर दोघांत फारसा फरक दिसला नाही. जे सहज मिळेल ते घ्यावं.

पद्धत अशी. आधी खांदा, कोपर आणि पाठीचे आर्मर (मार झेलणारे पॅड) काढा, खिसे रिकामे करा, चेन लावून घ्या. चिकटलेल्या किड्यांवर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा. नखाने खरवडलं की फिनिश निघतं. क्लीनर फडक्यावर घ्यायचा, लेदरवर फवारायचा नाही, विशेषतः भोकांच्या पॅनलवर, कारण पाणी थेट अस्तरात जातं. कॉलर आणि मनगट दोनदा पुसा. घामाचं मीठ तिथेच साचतं आणि लेदर ताठ करतं. मग स्वच्छ ओल्या फडक्याने क्लीनर काढून टाका. सॅडल सोप (चामड्याचा पारंपरिक साबण) अल्कलीधर्मी असतो आणि लेदर स्वभावतः आम्लधर्मी, त्यामुळे दर वेळी सॅडल सोप वापरणं क्रोम लेदरला बरं नाही. खूप मळलेल्या बुटांपुरता तो ठीक आहे.

लेदर हाताला कोरडं लागलं की कंडिशनर. अख्ख्या जॅकेटला १० ते १५ मिलिलिटर, म्हणजे दोन ते तीन छोटे चमचे, बस्स. जुन्या सुती बनियनच्या तुकड्यावर चार-पाच थेंब घेऊन एकेक पॅनल करायचं. पांढरे भाग आधी आणि त्यांचं फडकं वेगळं, नाहीतर काळा रंग त्यांच्यावर उतरतो. भोकांच्या पॅनलवर फडकं जवळपास कोरडंच हवं. भोकं बुजली की हवा खेळत नाही. वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढा आणि रात्रभर रुंद हँगरवर टांगा. वर्षाला दोनदा हे पुरेसं आहे: पावसाळ्याआधी हलका हात, पावसाळा संपल्यावर नीट. मे महिन्यात जड हाताने लावलेलं तेल जुलैत बुरशीचं खाद्य होतं.

आता खोबरेल तेल. ते घरात असतंच, म्हणून सर्रास लावलं जातं. ते साधारण २४-२५ अंशांखाली गोठतं. दिवाळीत लावलेलं खोबरेल पुण्याच्या डिसेंबरात शिवणींवर आणि घड्यांत पांढरं उमटतं आणि लोक त्याला बुरशी समजतात. ओळख सोपी आहे: हेअर ड्रायर हलक्या गरम हवेवर, हातभर अंतरावरून धरा. विरघळून नाहीसं झालं तर ती चरबी. तसंच राहिलं, कुबट वास आला, तर बुरशी. बुरशी असेल तर घराबाहेर, तोंडाला मास्क लावून कोरड्या ब्रशने झाडा. मग पाणी आणि पांढरं व्हिनेगर समप्रमाणात घेऊन त्यात फडकं भिजवून घट्ट पिळा, आतल्या बाजूला चाचणी घ्या आणि पुसा. पंख्याखाली पूर्ण वाळवल्याशिवाय कंडिशनर लावू नका.

निट्सफूट तेल आत खोल जातं, आणि नेमका तोच रायडिंग गिअरमध्ये दोष ठरतो. रंग गडद होतो, पांढरं पिवळट पडतं आणि जास्त झालं तर लेदर लिबलिबीत होऊन ताणतं. जॅकेट ढिलं झालं की पडताना कोपराचं आर्मर जागेवरून सरकतं. पितळी बटणांभोवती हिरवा मेणचट थर येतो तोही तेलातल्या आम्लांचा आणि तांब्याचा संयोग असतो. टूथपिकने काढून कोरडं पुसा. डॅशबोर्डसाठी मिळणारं सिलिकॉनचं चमकदार पॉलिश जॅकेटला लावूच नये. त्याचा थर बसला की पुढे कंडिशनर धरत नाही, आणि पँटच्या बैठकीला लागलं तर सीटवर घसरायला होतं.

ग्लोव्ह्जचं गणित वेगळं. तळव्याचं कातडं उघडं असतं आणि घाम सगळ्यात जास्त तेच पितं. हातात घालून कोमट पाण्यात, क्लीनरच्या दोन-तीन थेंबांनी, हात धुतल्यासारखे धुवा, टॉवेलात दाबून पाणी काढा, बोटं सरळ करून सावलीत ठेवा. अर्धवट वाळल्यावर एकदा घालून मुठी वळा म्हणजे आकार राहतो. कंडिशनर फक्त बोटांच्या पाठीला आणि सांध्यांना. तळव्यावर जेमतेम फडकं फिरवायचं, कारण तेलकट तळवा थ्रॉटलवर आणि क्लच लिव्हरवर पकड सोडतो.

बुटांवर ओबेनॉफ्ससारखं मधमाशीच्या मेणाचं मिश्रण चांगलं काम करतं. बोटाच्या उबेने वितळवून, वाटाण्याएवढं घेऊन शिवणी, सोलची कड आणि गिअर लिव्हर घासतो ती जागा एवढ्यावर चोळा. मेम्ब्रेनच्या बुटांना पूर्ण मेण थापू नका, आतली वाफ बाहेर जायची वाट बंद होते आणि मोजे घामाने भिजतात. टर्पेंटाइनचा उग्र वास असलेलं पॉलिश चिकटवलेल्या सोलच्या कडेला लावू नये; सॉल्व्हंटने गोंद सैल पडतो.

पावसात भिजलेलं गिअर गरम इंजिनावर, हीटरसमोर किंवा कडक उन्हात वाळवू नका. ओलं कातडं कोरड्यापेक्षा कितीतरी कमी उष्णतेला आकसतं आणि आकसलेलं परत येत नाही. बुटांत वर्तमानपत्र कोंबून दर काही तासांनी बदला, जॅकेट उलटं करून आधी अस्तर वाळवा.

ठेवण्याची जागा बाटलीपेक्षा महत्त्वाची आहे. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर ओल धरतं. प्लास्टिकच्या कव्हरऐवजी जुनी सुती चादर घाला. स्वस्त आर्द्रतामापक आत ठेवून आकडा ६० टक्क्यांखाली ठेवायचा प्रयत्न करा. ७० च्या वर बुरशी जोर धरते. सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या चालतात, पण ओल शोषून भरल्या की त्या निरुपयोगी. केशरी दाण्यांचा रंग उतरला की दाणे ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवले तर पुन्हा वापरता येतात. डांबरगोळ्या किडे लांब ठेवतात, बुरशी नाही.

कुठलंही कंडिशनर फिनिशला गेलेले तडे भरत नाही. त्यासाठी लेदरचा रंग पुन्हा चढवावा लागतो. तुटलेली शिलाई तर मेणाने झाकूच नका. पडल्यावर जॅकेट आधी शिवणीवर उसवतं, म्हणून प्रत्येक सफाईत खांदा, कोपर आणि बगलेची शिवण दोन्ही हातांनी ताणून बघा. धागा तुटलेला दिसला तर कंडिशनर बाजूला ठेवून आधी जाड बाँडेड नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या धाग्याने, जुन्याच भोकांतून शिवून घ्या. नवीन भोकं पाडली की तिथे लेदर फाटायला वाट मिळते.