शोल्स की फ्रायडे हार्बर? समुद्रावरचा उन्हाळी कोर्स निवडताना

अमेरिकेत बायोलॉजी करताय आणि उन्हाळ्यात समुद्रावर हात भिजवून शिकायचंय, तर शोल्स आणि फ्रायडे हार्बर ही दोन नावं हमखास समोर येतात. दोन्ही बेटांवर, दोन्ही उत्तम, वेबसाइट बघून तर सारखीच वाटतात. पण तिथलं काम अगदी वेगळं आहे.

शोल्स मरीन लॅब मेनमधल्या ॲपलडोर बेटावर, कॉर्नेल आणि न्यू हॅम्पशायर युनिव्हर्सिटी मिळून चालवतात. ९५ एकरांचं बेट, किनाऱ्यापासून साधारण १० किमी आत, गाव नाही दुकान नाही, गोडं पाणी जपून वापरायचं आणि रोज अंघोळ मिळेलच असं नाही. कोर्स बरेचसे छोटे, एक-दोन आठवड्यांचेसुद्धा असतात. ओहोटीला खडकावर उतरायचं, चौकोनी फ्रेम टाकायची आणि आत काय काय आहे ते मोजत बसायचं. वर काळपट पट्टा, मग बार्नकलचा (खडकाला चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव) पांढरा, मग तपकिरी शेवाळ, त्याखाली लालसर आयरिश मॉस हे शेवाळ, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की झोनेशन, म्हणजे कुठल्या उंचीवर कोण राहतं ते, पाठ करावं लागत नाही. आणि सीगल! पिल्लं असताना सरळ डोक्यावर झडप घालतात, टोपी हवीच. पक्ष्यांचं वेड असेल तर पुढे वाचूच नका, शोल्सला जा.

फ्रायडे हार्बर लॅब सिएटलच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीची, पश्चिम किनाऱ्यावरच्या सॅन वान बेटावर, १९०४ पासूनची. ॲनाकॉर्टिसहून फेरीने जायचं, गाव जवळच आहे त्यामुळे एकटं पडल्यासारखं होत नाही. उन्हाळ्यातले मोठे कोर्स पाच आठवड्यांचे आणि दिवसभर तोच एक विषय. एम्ब्रियॉलॉजी (भ्रूणशास्त्र) घेतलंत तर सी अर्चिनची अंडी फर्टिलाइझ करून मायक्रोस्कोपखाली बघता, एक-दोन मिनिटांत अंड्याभोवती पारदर्शक कवच उचललं जातं, आणि मग पहिलं विभाजन होईपर्यंत तुम्ही काही खुर्चीवरून उठत नाही. जपानी शास्त्रज्ञ ओसामू शिमोमुरांनी १९६१ मधे जेलीफिश इथेच गोळा केले होते, त्यातूनच जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन सापडलं आणि २००८ चं नोबेल मिळालं. शिवाय इथे उन्हाळ्यातल्या मोठ्या ओहोट्या दिवसाउजेडी येतात, हे फील्डवर्कला फार मोठं सुख आहे.

माझं स्पष्ट मत, फील्डवर्क कधीच केलं नसेल किंवा हे आपल्याला जमेल का तेच बघायचं असेल तर शोल्स. पीएचडी डोक्यात असेल तर फ्रायडे हार्बर, कारण पाच आठवडे प्रोफेसर तुमचं काम रोज जवळून बघतात आणि शिफारसपत्रात ते दिसतं. कोकणातून आलेल्यांनाही मी फ्रायडे हार्बरच सांगेन, खडक आणि ओहोटी तुम्ही लहानपणापासून बघितलीय, पण थंड पाण्यातली केल्पची (उंच वाढणारं तपकिरी शेवाळ) जंगलं आपल्याकडे नाहीतच. फक्त त्या पाच आठवड्यांमुळे उन्हाळ्यातली दुसरी इंटर्नशिप बहुतेक हातची जाते, तो विचार आधी करा.

स्कॉलरशिप दोन्हीकडे आहेत, लवकर अर्ज करा. एफ-१ (स्टुडंट) व्हिसावर असाल तर इंटरनॅशनल ऑफिसला आधी विचारा. आणि क्रेडिटचं ॲडव्हायजरकडून लेखी घ्या, वॉशिंग्टनला क्वार्टर सिस्टिम (सेमिस्टरपेक्षा छोटी सत्रं) आहे, तिथले ९ क्रेडिट सेमिस्टरवाल्या युनिव्हर्सिटीत ६ च धरले जातात.